बडग्याचं तोंड

नाही, घर इथं नाही. घर तिकडं, ती निळी टाकी दिसते ना, तिच्या मागं, जागनाथ बुधवारीत — पण आत्ता आपण तिकडं नाही चाललो. उतर. स्टेशनपासून माह्या मागं बसला, अन् आता विचारून राहिला घर कुठं आहे म्हणून. ही नाल्याकाठची मोकळी जागा आहे. डुकरं सोडून इथं कोणी येत नाही. बॅग खाली ठेव. मोठी नाही — मोठीत दादाचे कपडे आहेत, ते आईले द्यायचे, ती गाडीवरच राहू दे. दुसरी. पोटाशी धरून बसला होता ना, ती. ठेव. उघडू नको. मी सांगन तेव्हा उघड.

आई वाट पाहून राहिली तुही. सकाळपासून सांभारवडी करून राहिली. तिले कोणीतरी सांगतलं, जपानमधून येणाऱ्या पोराले तिखट खायले भेटत नाही, तर तिनं सगळ्या गल्लीचा सांभार, तुम्ही कोथिंबीर म्हणता ती, आणून ठेवला. मले म्हणते, मोहित, त्याले भाऊ म्हणजो, रजतभाऊ म्हणजो, तुह्या गिरिधरदादाच्या खोलीत राहत होता तो पोरगा, त्याच्या शेजारी झोपत होता. — तोंडात येऊन नाही राहिलं गा. भाऊ म्हटलं का दुसराच माणूस समोर येते. तू रजतच बरा. राग आला तर येऊ दे, मलेही आलेला आहे.

तू फोनवर काय म्हटलं होतं? म्हटलं, मोहित, बाकीचं सामान मी बॅगेत आणतो, पण एक वस्तू हातातच आणतो, मोडन म्हणून. मले वाटलं मोबाईल असन, घड्याळ असन. म्हटलं काय आहे? तर म्हणे, बडग्याचं तोंड. असं सांगतलं जसं मिठाईचा डबा घेऊन येऊन राहिला. आईच्या हातात देतो म्हणे, त्यानं स्वतः बनवलं होतं म्हणे. आईच्या हातात! मी तेव्हाच ठरवलं, हा माणूस स्टेशनवर उतरला का घरी नाही, सरळ नाल्यावर आणायचा.

तुम्ही नाशिकची माणसं, तुम्हाले काय माहीत म्हणा. ऐक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या इकडं मारबत निघते. बाई असते ती, घराएवढी, एक काळी, एक पिवळी, अन् तिच्या मागं बडगे. बडगा म्हणजे बाप्या. बांबू, कागद, खळ, रंग — झाला बडगा. गल्लीगल्लीचा वेगळा. जे जे वाईट असन ते त्याच्या अंगावर टाकायचं — डेंगू, महागाई, रस्त्यातले खड्डे, कोण्या नेत्याचं थोबाड — अन् ओरडायचं, घेऊन जा गे मारबत! पोट्टे ओरडतात, म्हाताऱ्या ओरडतात, पोलीसही हळूच ओरडते. मग वस्तीच्या बाहेर न्यायचा अन् पेटवायचा. राख झाली का हातपाय धुवून घरी. बस. आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरगं सांगन तुले, बडगा घरातून बाहेर जाते, बाहेरून घरात येत नाही. आजपर्यंत कोणी आणला नाही. तुम्ही आणला. नाचवला, अन् परत खोलीत आणला, अन् भिंतीले टांगला. अन् माहा भाऊ त्याच्या खाली झोपला, अन् उठलाच नाही.

हसला काहून? — नाही हसला? बरं. मले वाटलं हसला.

मी मानत नाही हे असलं. समजलं का? आठवीत शाळा सोडली म्हणून येडा नाही मी. वाडीले गोदामात दिवसभर ट्रक भरतो, तिथं भूतखेत मानायले टाईम कोणाले आहे? डॉक्टर म्हणे झोपेत हृदय बंद पडलं. पडलं असन. मी कोण नाही म्हणणारा. पण ते हृदय इथं पंचवीस किलोचं पोतं पाठीवर घेऊन चाललं, तुमच्या त्या जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात रात्रपाळीत चाललं, दिवाळीत एकट्यानं दिवा लावला तेव्हा चाललं, अन् त्या भुताच्या जत्रेनंतरच काहून बंद पडलं? हे विचारलं का सगळे माह्याकडं असे पाहतात जसा तू आत्ता पाहून राहिला. नको पाहू. तिकडं नाल्याकडं पाह्य.

तो व्हिडिओ? हो, पाह्यला ना. सगळ्या बुधवारीनं पाह्यला. तूच टाकला होता. ओसाकातली ती नदीच्या काठची बाजाराची गल्ली, दुकानाच्या वर हा एवढा खेकडा लटकलेला, अन् खाली माणसंच माणसं. रक्त फासलेल्या नर्सा, हाडाचे सांगाडे, एक बाप्या तर कचरापेटी होऊन आला होता, झाकण उघडून पोरांले चॉकलेट देत होता. हॅलोविन म्हणे. अन् पोलीस काय करून राहिला? माईकवर हात जोडल्यासारखा बोलते, पुढं चला, पुढं चला, थांबू नका. आमचा पोलीस असता तर दोन दंडे लावले असते. अन् त्याच्यात आमचा बडगा! पुठ्ठ्याचं अंग, हातभर मिशा, लाल जीभ छातीपर्यंत. अन् त्या जपानी पोरी टाळ्या वाजवून राहिल्या — मारबात्तो, मारबात्तो. आमच्या गल्लीतला गोविंदा म्हणे, पाह्य बे मोहित, तुह्या भावानं मारबत परदेशात नेली. सगळे हसले. मीही हसलो. छाती फुगवून हसलो.

पण दादा कुठं आहे त्या व्हिडिओत? सांग ना. पुठ्ठ्याच्या आत. बडग्याच्या छातीले भोक पाडलं अन् आतून पाहून राहिला. नुसता आवाज. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता आवाज. थंडी घेऊन जा गे मारबत! अन् तू मागून, घेऊन जा! रात्रपाळी घेऊन जा! घेऊन जा! फिका भात घेऊन जा, सुपरवायझरले घेऊन जा — घेऊन जा, घेऊन जा! अन् मग काय म्हटलं? तू होता शेजारी, तू सांग काय म्हटलं. — नाही आठवत? मले आठवते. घरची आठवण घेऊन जा गे मारबत. अन् तू ओरडला, घेऊन जा! हसत ओरडला. मी तेवढाच तुकडा मागं घेऊन घेऊन ऐकला. घरची आठवण. म्हणजे आम्ही. म्हणजे आई अन् मी. डेंगूच्या बाजूले बसवलं त्यानं आम्हाले, महागाईच्या बाजूले. अन् आई! तिनं ऐकलं तर काय म्हणते — किती मोकळा ओरडून राहिला गा, त्याचा घसा बरा झाला वाटते.

नको, मले नको समजावू. 'आठवण त्रास देते म्हणून म्हटलं असन' — मले मराठी समजते. जो त्रास देते त्यालेच बडग्यावर टाकतात. तेच तर म्हणून राहिलो मी.

खळ कोणी शिजवली होती? — तू? मैद्याची? मोरचूद टाकलं होतं का? नाही ना. गुठळ्या झाल्या असतील. इथं खळ मी शिजवत होतो. लहानपणापासून. वर गच्चीवर तो मातीचं तोंड बनवायचा, मग त्याच्यावर कागद लावायचा, अन् मी खाली स्टोव्हवर पातेलं घेऊन. तो वरून ओरडायचा, मोहित, पातळ झाली बे! मोहित, जाड झाली बे! कधीच नाही म्हटलं का बरोबर झाली. एकदाही नाही. अन् तुले काय म्हटलं? — छान झाली म्हटलं? वा. छान. मैदा अन् पाणी घोटलं का जपानमध्ये छान होते.

बरं, जाळला काहून नाही? पोलीस जाळू देत नाही, मानलं. रस्त्यावर आग लावता येत नाही, मानलं. मग फेकायचा ना. — काय? कचऱ्याचा वार? अरे, खरंच सांगून राहिला का मस्करी करून राहिला? जळणारा कचरा मंगळवारी, पुठ्ठा गुरुवारी, अन् हे कशात टाकायचं ते तुम्हाले समजलं नाही म्हणून भिंतीले टांगलं! ईडापीडा वार विचारून बाहेर जाते का बे? आम्ही शंभर वर्षांपासून ओरडून राहिलो, आम्हाले कोणी नाही विचारलं का ही तुमची पीडा सुकी आहे का ओली.

हां, हस. आता हस. मलेही येऊन राहिलं.

पण मग तो मंगळवार आलाच नाही ना? आला असन. कितीक मंगळवार आले असतील. तरी ते भिंतीवरच. दादाले तर माहीत होतं. तुले नव्हतं माहीत, तुहं मी सोडून देतो, पण तो बुधवारीत वाढला. त्याच्या हातानं किती बडगे पेटले. त्यानं काहून ठेवलं? — काय म्हटलं? पुन्हा सांग. — पोळ्याले? कोणत्या पोळ्याले? येणाऱ्या? तो येणार होता?

तुले सांगतलं त्यानं. पोळ्याले सुट्टी काढतो, हे तोंड घेऊन जातो, गल्लीच्या बडग्याले लावतो, तिथंच पेटवतो. तुले सांगतलं. कधी? — झोपायच्या आधी, रोज? रोज बोलत होता? मग मले काहून नाही सांगतलं? माह्याशी फोनवर काय बोलायचा तो — जेवला का, आईले दवाखान्यात नेलं का, गाडी हळू चालव. बस. तीन वाक्यं अन् फोन आईकडं दे. घरची आठवण घेऊन जा म्हणते अन् घरी यायची तयारी करते, हा कोणता माणूस होता बे? मी त्याच्यासोबत एका पांघरुणात वाढलो अन् मले माहीत नाही, अन् तू खाटेवरून खाटेवर सगळं ऐकून ठेवलं.

त्या सकाळी तू उठवलं ना त्याले? कसा होता? म्हणजे तोंड. तोंड कसं होतं? — नुसतं 'झोपल्यासारखा' नको सांगू. सगळे तेच सांगतात, ज्यानं पाह्यलं नाही तेही सांगतात. तू पाह्यलं. तोंड उघडं होतं का मिटलं? उशी तोंडावर घेतली होती का? तो उशी तोंडावर घेऊन झोपायचा. — राहू दे. नको सांगू.

आम्हाले मडकं भेटलं. पांढरं, कपड्यात बांधलेलं, गाठ इतकी सुंदर मारलेली का आईनं ती सोडू नाही दिली दिवसभर. फोनवर विचारलं होतं कंपनीनं, इकडं पाठवायचं का तिकडंच करायचं. आईले काही सुचत नव्हतं, मी भिंतीवर डोकं मारून राहिलो होतो, मामानं फोन घेतला अन् म्हटलं, तिकडंच करा. झालं. तिथं भट्टीत ठेवतात अन् बटण दाबतात म्हणे. कोणी दाबलं? — तू नाही? बरं. पण हाडं तू उचलली. काड्यांनी. तूच सांगतलं होतं फोनवर, दोघं दोघं मिळून एक हाड उचलायचं, पायाकडून सुरू करायचं, म्हणजे माणूस मडक्यात उभा बसते. तू उचलली अन् तो सुपरवायझर — ज्याले घेऊन जा म्हटलं होतं, त्यानंच! अन् मी इथं वाडीले ट्रक भरून राहिलो होतो, कारण घरी बसवत नव्हतं. बाप नाही आम्हाले. बाप गेला तेव्हा दादानं आग दिली, दादाले मी द्यायची. माही पाळी होती ती. मडक्याले काय आग देऊ? झालेल्या राखेले कोणी काडी लावते का? म्हणून मी म्हटलं, हे येऊन राहिलं ना, हे तरी मी माह्या हातानं — हे तरी एक —

काही नाही. बडग्याचं बोलून राहिलो मी. बडगा जाळायचाच असते. तेवढंच.

काढ आता. काढ बाहेर, बॅगेतून. माह्याजवळ सगळं आहे, ही बाटली, गाडीतलंच पेट्रोल, ही काडीपेटी. पाच मिनिटांत राख होते, मग हात धुवू, मग घरी जाऊ, तू सांभारवडी खाय अन् आईले काय सांगायचं ते सांग. किती कपडा गुंडाळला बे! त्याचाच टी-शर्ट आहे हा. — हां. दिसलं. मिशा बऱ्या जमल्या. जीभ वाकडी आहे. डोळे असेच काढायचा तो, बाहेर आलेले, जसे कोणी पाय दिला शेपटीवर. डोक्यावरचे हे शिंगं कशाचे, डब्याच्या झाकणाचे? — ठेव त्या दगडावर. मागं हो. पेट्रोल उडन अंगावर.

आता काय? काय पाहू आतून? आतून काय पाहायचं असते, आतून कागद असते. मागं हो म्हटलं ना रजत. — हात सोड. हात सोड बे, मारीन एक! — काय नव्हतं? माती? तिथं माती नाही भेटली तर नाही भेटली, मग कशावर लावला कागद? भाताच्या गंजावर, फुग्यावर — कशावर?

तोंडावर? कोणाच्या तोंडावर?

त्याच्या?

खोटं बोलून राहिला. त्याले मानेले हात लावला तरी उडते तो, गुदगुल्या होतात, न्हाव्याकडं सुद्धा धड बसत नाही. तो काय तोंडावर ओले कागद लावू देईन? — तू लावले? तेल लावून? अन् श्वास कसा घेतला? नाकात नळ्या? ज्यूसच्या? अन् तो पडून राहिला? चूप? किती वेळ? — वाळेपर्यंत. हसला नाही? — हसला, एकदा, म्हणून गालाजवळ फाटलं. मग पुन्हा लावला.

दे. नाही, तू नको उलटं करू, मी करतो. बाटली धर. बाटली धर ना, पडन.

हे जपानी पेपर आहे. सगळी अक्षरं. काय लिहिलं असन, भाजीपाल्याचे भाव असतील. हे नाक. हो, हे नाक त्याचंच आहे, इथं जाड. हा गालाजवळचा जोड. ही हनुवटी, पाह्य, इथं बोट लाव — नको, तू नको लावू — इथं खाच आहे, सायकलवरून पडला होता, मी दांडीवर बसलो होतो अन् मी हँडल ओढलं. नाही, मी नाही ओढलं, ब्रेक लागला. टाके पडले होते. ही तीच खाच आहे. कागदाले कसं समजलं? अन् डोळे मिटलेले. आतून मिटलेले आहेत. बाहेरून एवढे मोठे, अन् आतून — अन् हे काय आहे? हे बारीक. केस आहेत का? भुवईचे आहेत. चिकटले. निघाले असतील काढताना. दुखलं असन त्याले. ओरडला का? — शिव्या दिल्या? कोणती दिली? — हां. तीच देते तो. तीच देते.

सरक जरा, उजेड येऊ दे आत.

आईनं तोंड नाही पाह्यलं त्याचं. तुले माहीत आहे ना? मीही नाही. इथून गेला तेव्हा विमानतळावर मास्क लावून होता, सर्दी झाली होती, मास्क काढलाच नाही. व्हिडिओत पुठ्ठा. मग मडकं. कोणीच दाखवलं नाही आम्हाले. मी आईले सांगत होतो, आपल्याले भास होऊन राहिला असन, तो असन तिथंच, फोन बंद असन. ती म्हणते, मोहित, मलेही तसंच वाटते. अन् मग आम्ही दोघं जेवतो.

ही काडीपेटी घे. घे म्हटलं ना. बाटलीही घेऊन जा इथून, तिकडं वळणावर नालीत ओतून दे, इथं नको ओतू. माह्याजवळ नको राहू देऊ दोन्ही. माहा भरवसा नाही, मी आत्ता एक बोलतो अन् मग भलतंच करतो. घे, खिशात टाक.

आईकडं जा तू. पायी जा, ती निळी टाकी, तिच्या मागं पहिली गल्ली, कोणालेही विचार, गिरिधरचं घर म्हण. मोठी बॅग घेऊन जा. सांग तिले, मोहितची गाडी पंक्चर झाली, येते मागून. जेव पोटभर, नाही म्हणू नको, नाही म्हटलं का ती रडते. तिनं विचारलं शेवटी कसा होता तर सांग — सांग की रोज झोपायच्या आधी पोळ्याचं बोलत होता. ते सांग. ते तुलेच माहीत आहे, माह्याकडून खोटं वाटन. अन् याचं काही सांगू नको. हे येईन का घरात, नाही येईन, मले नाही माहीत. गल्लीतले काय म्हणतील, मले नाही माहीत. पण हे जळत नाही. समजलं? हे मी जळू देत नाही.

उभा काहून आहे अजून? जा ना. — अन् तोंड तिकडं फिरव. इकडं पाहू नको. मी हे लावून पाहून राहिलो तोंडाले, माह्या मापाचं आहे का ते. तू पाहू नको रजत. जा म्हटलं ना — जा.